रस्ता तर सरळच होता

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये श्रद्धेच्या अनेक शाखा सांगितल्या आहेत, आणि रस्त्यावरची त्रासदायक वस्तू बाजूला करणं ही त्यांतलीच एक शाखा म्हणून मोजली आहे. मुस्लिम घरांतल्या मुलांना ही हदीस फार लवकर कळते. मक्तबमध्ये कळते, आजीकडून कळते, शाळेतही कानावर पडते. तिच्यासोबत येणारी उदाहरणंही ठरलेली असतात: काटा, दगड, काचेचा तुकडा, केळीचं साल. मीही वर्गात बरीच वर्षं हीच उदाहरणं देत आले.

या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. ती सगळी पायी चालणाऱ्याची आहेत. काटा पायात रुततो, दगडाला ठेच लागते. आता आपल्या गावांतही पायी चालणारा माणूस कमी झाला. शेजारच्या गावी जायचं तरी पोरगं मोटारसायकल काढतं. रस्त्याला आता पायाऐवजी टायर लागतो, आणि टायरला काय त्रासदायक आहे याची आपली समज मात्र अजून पायाचीच आहे. डांबरावर पसरलेला बोटभर जाडीचा चिखल पायाला फारसा त्रास देत नाही. वाळत घातलेलं सोयाबीन तर नाहीच नाही. त्यामुळे या गोष्टी रस्त्यावरची 'तकलीफदेह चीज' आहेत असं कोणाला वाटत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. पण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावापासून शाळेपर्यंतचे 14 किलोमीटर मी बरीच वर्षं रोज स्कूटीवर जाते आणि येते. शिवाय मी एसटीच्या ड्रायव्हरची मुलगी आहे. अब्बांनी आयुष्यभर लातूर, अंबाजोगाई, मांजरसुंबा, बीड, औरंगाबाद या बाजूला गाड्या चालवल्या. आमच्या घरात जेवताना हवामानाची चर्चा व्हायची ती पिकापेक्षा ब्रेकच्या अंगाने. म्हणून हा विषय माझ्या विषयाबाहेरचा असला तरी घरचा आहे.

आधी थोडं गणित. घाबरू नका, आठवीच्या मुलांना जमलं आहे.

गाडी थांबते ती दोन टप्प्यांत. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, हात-पाय हलले, ब्रेक दाबला गेला. एवढ्या वेळात गाडी आधीच्याच वेगाने पुढे जात असते. हा पहिला टप्पा. मग ब्रेक लागतो आणि चाक रस्त्याला धरून वेग मारायला लागतं. हा दुसरा टप्पा. दोन्ही मिळून जे अंतर होतं ते गाडीचं थांबण्याचं अंतर. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर असेच गेले. इथपर्यंत रस्ता कोरडा आहे की ओला याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो दुसऱ्या टप्प्यात. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. दुचाकीचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा तळहाताएवढीही नसते. त्या तळहाताखाली काय आहे त्यावर सगळं ठरतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर पकडीचा आकडा ढोबळमानाने 0.7 धरतात. ओल्या डांबरावर तो 0.4 च्या आसपास येतो. ओल्या मातीचा लेप असेल तर 0.2 पर्यंत उतरतो. या आकड्यांनी हिशेब केला, तर 60 च्या वेगात ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर 20 मीटर लागतात, ओल्यावर 35 आणि चिखलावर सुमारे 71. पहिल्या टप्प्याचे 25 मिळवा: 45, 60 आणि 96.

गाडी तीच, वेग तोच, ब्रेक तेच, चालवणारा तोच. फक्त तळहाताखालची वस्तू बदलली आणि अंतर दुपटीहून जास्त झालं.

हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांनी वहीत उतरवून घेतले आणि विसरून गेली. म्हणून एका मोकळ्या तासाला त्यांना मैदानात नेलं. दहा मीटरची दोरी घेतली, खेळाच्या सामानातली फक्की घेतली. शाळेच्या फाटकापाशी एक रेघ मारली आणि ठरवलं की इथे मोटारसायकलवाल्याला समोर म्हैस दिसली. 25 मीटरवर दुसरी रेघ मारली: इथे ब्रेक लागला. मुलं हसायला लागली, कारण म्हैस दिसल्यावर एवढं लांब येईपर्यंत गाडीवाल्याने काहीच केलेलं नव्हतं. 45 वर तिसरी रेघ, कोरडा रस्ता. 60 वर चौथी, पावसाचा रस्ता. मग चिखलाची रेघ मारायला दोन मुली दोरी घेऊन पुढे गेल्या आणि 70 मीटरच्या आसपास थांबल्या. एक ओरडली, "आपा, आगे तो दीवार है!"

मैदान संपलं होतं. अजून 26 मीटर बाकी होते. कोणी हसलं नाही. एका मुलाने विचारलं की दीड सेकंद कशाला, मी तर झटक्यात ब्रेक मारतो. आठवीतला मुलगा ब्रेक मारतो म्हणजे काय, हा प्रश्न मी तेव्हा बाजूला ठेवला आणि पट्टीचा प्रयोग केला. एकाने 30 सेंटीमीटरची पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली बोटं उघडी ठेवायची आणि पट्टी सुटली की पकडायची. बहुतेकांनी 20 सेंटीमीटरच्या आसपास पकडली, म्हणजे साधारण एक पंचमांश सेकंद लागला. पण इथे पट्टी सुटणार हे माहीत होतं, डोळे तिच्यावरच होते आणि बोटं तयार होती. रस्त्यावर म्हैस सांगून येत नाही. आधी ती दिसावी लागते, मग ती रस्ता ओलांडणार की उभी राहणार ते ठरवावं लागतं, मग पाय हलतो. त्यात एक-दीड सेकंद सहज जातो. मोबाईल वाजत असेल तर त्याहून जास्त.

आता माझ्या त्या 14 किलोमीटरबद्दल. लोक म्हणतात रस्ता चांगला आहे किंवा खराब आहे, म्हणजे खड्डे आहेत की नाहीत. माझा अनुभव असा की एकच रस्ता वर्षभरात पाच-सहा वेगवेगळे रस्ते असतो.

मे महिन्यात दुपारी डांबर वर येतं. खडी आत बसते आणि वर काळा, चकचकीत थर दिसतो. खडीची टोकंच टायरला धरत असतात, तीच बुडाली की पकड कमी होते. कोरड्यात ते लगेच जाणवत नाही. मग मृगाचा पहिला पाऊस येतो. आपण सगळे खूश होतो, मातीचा वास येतो, आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात रस्ता सर्वांत निसरडा असतो. महिनोन् महिने गळलेलं ऑईल, घासलेल्या टायरची भुकटी, धूळ, हे सगळं रस्त्यावर साचलेलं असतं. थोडंसं पाणी पडलं की त्याचा साबणासारखा लेप तयार होतो. दणकून पाऊस झाला की तो धुऊन जातो आणि रस्ता पुन्हा बरा होतो. अब्बा म्हणायचे, पहिल्या पावसात गाडी अशी चालवायची की ब्रेकची गरजच पडू नये. म्हणजे आधीच वेग कमी, पुढच्या गाडीशी अंतर जास्त, आणि जे करायचं ते हळू.

भर पावसाळ्यात वेगळी अडचण. रस्त्यावर पाणी उभं राहतं आणि ते टायरखालून बाजूला सारायचं काम टायरच्या नक्षीचं असतं. नक्षी झिजलेली असेल आणि वेग जास्त असेल, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि रस्त्याला लागतच नाही. कायद्याने दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलीमीटर आणि मोटारीची 1.6 मिलीमीटर खोल असायला हवी. आपल्याकडे टायर बदलायचा मुहूर्त ट्यूब दिसायला लागली की येतो.

याच दिवसांत खड्डे पडतात आणि गावातले भले लोक मुरूम टाकून ते भरतात. पुण्याचंच काम आहे. पण नुसता ओतलेला, न चोपलेला मुरूम चार दिवसांत गाड्यांच्या चाकांनी बाहेर येतो आणि रस्त्याच्या वळणावर बारीक गोट्यांसारखा पसरतो. खड्डा दिसतो तरी, हा मुरूम दिसत नाही. वळणावर तर जास्तच वाईट, कारण टायरची पकड म्हणजे खिशातले ठरावीक पैसे. वळायला खर्च केले की थांबायला उरत नाहीत. अब्बा वळणात शिरण्याआधी सरळ रस्त्यावर वेग मारून घ्यायचे आणि वळणात ब्रेकला शक्यतो पाय लावायचे नाहीत, ते याच कारणाने.

मग येतो सप्टेंबर-ऑक्टोबर. आमच्या भागात या दोन महिन्यांना एकच नाव आहे: सोयाबीन. रान काळं, माती चिकट, आणि नेमका परतीचा पाऊस. ट्रॅक्टर ओल्या वावरातून निघतो तेव्हा त्याच्या मोठ्या चाकांच्या खाचांत माती गच्च भरलेली असते. डांबरी रस्त्यावर आला की ती माती पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये गळून पडते. मागची ट्रॉली तिच्यावरून जाते, मग दुसरा ट्रॅक्टर, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत डांबरावर काळ्या मातीचा गुळगुळीत थर बसतो. काळ्या डांबरावर काळी माती. दिवे लागणीच्या वेळी ती दिसतच नाही.

पुढे नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. पाचट पडतं, उसाची टिपरं पडतात, पाणी दिलेल्या रानातून पुन्हा चिखल येतो. मार्चपर्यंत हे चालतं आणि मग परत उन्हाळा.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा असाच एका ऑक्टोबरमध्ये गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याच्या घरच्यांनाच ते पुरे आहे. संध्याकाळी तालुक्याहून परत येत होता. नाल्याच्या पुलाच्या अलीकडे थोडा उतार आहे, तिथून दिवसभर ट्रॅक्टर वावरातून वर येत होते. पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रॉली उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता. पोराने ब्रेक मारला. मागून येणाऱ्यांनी सांगितलं की गाडी आडवी झाली आणि तशीच घसरत ट्रॉलीखाली गेली.

चारचाकी चिखलावर घसरली तर लांब जाऊन थांबते. दुचाकीचं तसं नसतं. पुढचं चाक अडकलं की क्षणात गाडी खाली येते, आणि मग तिला थांबवणारं काहीच उरत नाही. 2018-19 पासून आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. चाक अडकू नये म्हणून ते ब्रेक क्षणाक्षणाला सोडतं आणि धरतं. गाडी पडण्यापासून ते पुष्कळदा वाचवतं. पण ज्या रस्त्यावर पकडच नाही तिथे ते पकड आणून देऊ शकत नाही. त्या मुलाची गाडी जुनी होती, त्याच्या मामाने दिलेली.

आम्ही ताजियतला, म्हणजे भेटायला गेलो. घर भरलेलं होतं. बायका त्याच्या आईला सांगत होत्या की त्याचं वक्त आलं होतं, अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली. अशा वेळी हेच बोलतात आणि हेच बोलावं. ती आई ऐकत होती. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आपा, तुम तो रोज उसी रस्ते से आते. रस्ता तो सीधाच था ना?"

मी 'हो' म्हणाले. रस्ता सरळच होता. खड्डाही नव्हता. त्या घरात त्या दिवशी याहून जास्त बोलण्यासारखं काही नव्हतं.

पण हा प्रश्न माझ्याबरोबर राहिला. मौतीची वेळ अल्लाहच्या हातात आहे, यावर माझी श्रद्धा आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण तो चिखल रस्त्यावर आपणहून आलेला नव्हता. तो ट्रॅक्टरच्या चाकांनी आणला होता. आणणारे आमच्याच गावचे होते, मुसलमान होते, मराठा होते, लिंगायत होते, सगळे सज्जन. त्यांतले कितीतरी जनाज्यालाही आले. आपण आणलेल्या वस्तूला आपण तकदीर म्हणतो तेव्हा आपण तकदीरवर विश्वास ठेवत नसतो, आपलं काम तिच्यावर ढकलत असतो.

मोठे आकडेही पाहू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वेळ आली होती असंच म्हटलं असेल.

एक गोष्ट मला अलीकडे कळली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या देशात रस्त्यांची रचना इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे होते. गाडीवाल्याला समोरचा रस्ता किमान किती लांब दिसायला हवा, याचा त्यात नियम आहे. 60 च्या वेगासाठी 80 मीटर, 80 साठी 120, 100 साठी 180. हे अंतर काढताना ते पकडीचा आकडा कोरड्या रस्त्याचा धरत नाहीत. 0.35 ते 0.40 धरतात, म्हणजे जवळजवळ ओल्या रस्त्याचा. माणसाला विचार करायलाही दीड नाही, अडीच सेकंद देतात. म्हणजे रस्ता आखणाऱ्याने पावसाचा विचार केलेला असतो. पाऊस वरून येतो हे त्याने मान्य केलेलं असतं. पण चिखलाचे 96 मीटर त्याच्या 80 मध्ये मावत नाहीत. सोयाबीनच्या दाण्यांसाठी त्यात जागाच नाही. रस्ता पावसासाठी बांधलेला आहे, आपण त्यावर जे आणून टाकतो त्यासाठी नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. मी मास्तरीण असले तरी माझं माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांत आहे. सोयाबीन रस्त्यावर वाळवणारा माणूस हौसेने वाळवत नाही. पूर्वी प्रत्येकाचं खळं असायचं, सारवलेलं. आता हडंब्यातून अर्ध्या तासात माल निघतो आणि तो ओला असतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, व्यापारी तर ओला माल बघितला की भाव पाडतोच. वर ढग आलेले असतात. अशा वेळी गावातली सर्वांत कोरडी, सर्वांत सपाट, सर्वांत गरम जागा कोणती? डांबरी रस्ता. काही ठिकाणी कणसं, शेंगा मुद्दाम रस्त्यावर पसरतात, म्हणजे गाड्या जाता-जाता मळून देतात. आणि गाड्या दाण्यांवरून जाऊ नयेत म्हणून कडेने धोंडे मांडतात. संध्याकाळी माल उचलला जातो, धोंडे तिथेच राहतात.

सोयाबीनचा दाणा गोल, गुळगुळीत आणि कडक. टायरखाली तो छर्‍यासारखा फिरतो. त्यावर ब्रेक मारून पाहायला मी कोणाला सांगणार नाही. कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी 285 वं कलम आहे आणि दंडही आहे. पण गावात या कलमाने काही होत नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही. पोलिसाने एका शेतकऱ्याला दंड केला तर दुसऱ्या दिवशी तोच माल दुसऱ्या वळणावर दिसेल. त्याला वाळवायला जागा हवी आहे.

ती जागा आपल्या गावांत असते. शादीखान्यासमोर फरशी आहे, जी लग्नसराई सोडली तर मोकळी असते. समाजमंदिराचं अंगण आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं मैदान आहे. ग्रामपंचायतीने दोन-चार मोठ्या ताडपत्र्या ठेवल्या तर कोणीही पाळीपाळीने नेऊ शकतो. आमच्या गावात गेल्या हंगामात शादीखान्याची फरशी सगळ्यांना उघडी केली. आधी कुरकुर झाली, कोणाचा माल किती दिवस राहील, राखण कोण करील, वगैरे. मग पाळ्या ठरल्या. सगळ्यांचा माल तिथे मावला नाही, रस्त्यावर अजूनही पडतो. पण नाल्याच्या उतारावर आणि शाळेजवळच्या वळणावर पडला नाही. एवढं तरी झालं.

चिखलाचा उपाय याहून सोपा आहे. वावरातून रस्त्यावर चढायच्या तोंडाशी दहा-पंधरा पावलं खडी किंवा मोठा मुरूम अंथरला, की बरीच माती चाकं तिथेच सोडतात. रस्त्यावर चढण्याआधी दोन मिनिटं थांबून खोऱ्याने खाचा मोकळ्या केल्या तर उरलेली. आणि तरीही जी माती रस्त्यावर आली ती ओली असतानाच फावड्याने ओढून बाजूला करायची. शेवटच्या खेपेनंतर पाच-दहा मिनिटांचं काम आहे. एकदा गाड्यांनी दाबून तिचा थर केला की मग ती निघत नाही. उभ्या ट्रॉलीच्या मागे चमकणारी लाल पट्टी लावायला फार खर्च येत नाही.

गाडी चालवणाऱ्याचीही बाजू आहेच, ती मी मुलांना सोडून देत नाही. त्यांच्यासाठी मी एक साधा हिशेब काढून ठेवला आहे. कोरड्या रस्त्यावर 60 च्या वेगात गाडी थांबायला 45 मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात थांबायचं असेल तर वेग 50 हवा. चिखलावर 40 च्या वेगातही 48 मीटर लागतात, म्हणजे थोडे जास्तच. म्हणून: कोरडा 60, ओला 50, चिखल 40. आणि हे 40 सुद्धा सरळ रस्त्याचे, उतार असेल तर त्याहून कमी, कारण उतारावर गाडीचं वजन पुढे ढकलत असतं. रात्री आणखी एक: आपल्या दिव्याचा उजेड जिथपर्यंत पोचतो त्याच्या आत थांबता आलं पाहिजे. तीन जण बसवले तर ब्रेकला जास्त काम करावं लागतं, तोलही जातो. हेल्मेट तर हवंच, पण हेल्मेट अंतर कमी करत नाही.

हा हिशेब आता आमच्या शाळेच्या फाटकाच्या आतल्या भिंतीवर उर्दूत आणि मराठीत लिहिलेला आहे. मुलांनी लिहिला. उर्दूत 'फिसलन' आणि मराठीत 'निसरडं' हे दोन शब्द त्यामुळे सगळ्यांना पक्के झाले, भाषेच्या शिक्षिकेला तेवढाच आनंद. पालक सोडायला येतात, वाचतात. एक जण मला म्हणाला, "आपा, एवढं मीटरमध्ये कोण मोजतं?" मी म्हटलं, "मीटर कोणी मोजत नाही. पण पुढची ट्रॉली मोजते."

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढचा जुम्याचा बयान रस्त्यावरच्या तकलीफदेह चीजेवर असला, तर मौलाना साहेबांना काट्यासोबत ट्रॅक्टरच्या चाकाचंही नाव घ्यायला सांगा. ग्रामसभेत सोयाबीनच्या आधी, ऑगस्टमध्येच, वाळवायच्या जागेचा विषय काढा. रस्त्याच्या कडेला राहिलेले धोंडे येता-जाता उचलून आत टाका. आणि तुमचं वावर रस्त्याला लागून असेल, तर शेवटची खेप झाल्यावर ट्रॅक्टरवरून उतरून एकदा मागे वळून रस्ता बघा. दिवे लागायच्या आत बघा. नंतर तो दिसत नाही.